ठिपक्यांमागचा शब्द

९ फेब्रुवारी, सोमवार

किळस! घरी आल्या आल्या साबणाने हात धुतले, जेवणाआधी पुन्हा धुतले, तरी बोटांना काहीतरी लागून राहिल्यासारखं वाटतंय. आणि हात कशाला लावला होता? माउसला!

नीट क्रमाने लिहिते, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल.

सकाळी लॅबमध्ये नेटवाला आला होता. जुना राउटर मेला, नवा बसवायचा होता. दातांच्या लॅबला नेट कशाला लागतं, असं धाकटी बहीणसुद्धा मला विचारते. अगं बाई, आता दवाखान्यांतून मापं येतात ती प्लास्टरची कमी आणि स्कॅनची जास्त. माणसाचं अख्खं तोंड नेटवरून येतं. मी ते पडद्यावर उलटंसुलटं फिरवते, कॅप नाहीतर ब्रिजचं डिझाइन करते, आणि ते नेटवरूनच दात कोरून काढणाऱ्या मिलिंग मशीनकडे जातं. नेट बंद म्हणजे सगळे हातावर हात ठेवून बसणार.

नेटवाल्याने विचारलं, "जुना पासवर्ड काय होता? तोच ठेवतो, म्हणजे एकेका मशीनला पुन्हा हात लावायला नको." कुणालाच आठवेना. मालक कपाळ चोळत उभे. शेवटी तो माझ्या खुर्चीमागे येऊन म्हणाला, "ताई, तुमच्या कॉम्प्युटरला ठाऊक असणारच की! सेटिंग उघडा. नेटवर्क. आता ओळखीची नेटवर्क. लॅबचं नाव दाबा. आता ते ‘दाखवा’ दाबा." दाबलं. ठिपके गेले, अक्षरं आली! लॅबचं नाव आणि पुढे एक दोन तीन. इतकी वर्षं आम्ही त्या ठिपक्यांना कुलूप समजत होतो.

मी म्हटलं, "म्हणजे कुणीही बघू शकतं?"

"जो या खुर्चीत बसेल तो," म्हणाला, आणि शीळ घालत वायरी गुंडाळायला लागला. जसं काही विशेष नाहीच!

तो गेला तरी मी ती यादी अजून उघडीच ठेवली होती. खाली दुसरं एक नाव होतं – मेणवाल्याच्या फोनचं. हा आमच्याकडे मेणाचे दात कोरतो. नेट गेलं की स्वतःच्या फोनवरून सगळ्यांना नेट देतो. मोठा दिलदार. पासवर्ड मात्र कधी सांगत नाही. "थांबा ताई, मी टाकतो," म्हणत खांद्यावरून वाकतो आणि नखांत मेण अडकलेल्या बोटांनी माझ्या कीबोर्डवर टकटक करतो. आपल्याला ठिपके दिसतात.

सहज दाबलं. खरंच सहज. ‘दाखवा’.

bolki333.

बोळकी! आणि पुढे तीन, तीन, तीन.

माझ्या वरच्या जबड्यातले पुढचे तीन दात खोटे आहेत. कागदापासून काय लपवायचं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

कामात लक्ष नाही. एका बाईची दाढ दोनदा डिझाइन केली, दोन्ही वेळा चुकली.

दात कसे गेले ते इथे कधी लिहिलं नव्हतं. लिहायचंच नव्हतं. बाथरूममध्ये पाय घसरला, नळावर तोंड आपटलं. एवढंच. काही शौर्य नाही, अपघात म्हणावा असा अपघातही नाही. डॉक्टर म्हणाले हाड राहिलेलं नाही, पक्के बसणार नाहीत, काढघालीचेच घ्यावे लागतील. रात्री वाटीत काढून ठेवायचे. धाकटीसमोरसुद्धा मी तोंडावर पदर घेतल्यासारखा हात धरते.

लॅबमध्ये फक्त एकीला माहीत आहे – भट्टीवालीला. पोर्सेलिन भाजते, माझी इतक्या वर्षांची मैत्रीण. तिनेच केले ते. खोट्या नावाने माप मागवलं, जेवणाच्या सुट्टीत भट्टीत घातले, झाक अशी जुळवली की मलाच आरशात शोधावं लागलं. आणि मग गंमत बघा – मालक गिऱ्हाईक डॉक्टरांना माझ्या टेबलाशी आणून म्हणतात, "ताई, जरा हसा. बघा डॉक्टर, ही खरी नैसर्गिक झाक! देवाने दिलेली!" देवाने कसली, भट्टीवालीने दिलेली. त्यांची पाठ फिरली की आम्ही दोघी पोट धरून हसायचो.

मला लाज वाटते, बस्स. का वाटते ते विचारू नये. दिवसभर लोकांची बोळकी तोंडं टेबलावर पडलेली असतात आणि त्यांच्यावर आमच्याकडे काय काय बोलतात ते मी रोज ऐकते. "हा आजोबा बघ, गुहा आहे गुहा!" "या बाईने नवऱ्याला चावून चावून झिजवलेत!" आता त्या मापांत माझं एक. आणि तेही गुपचूप नाही. नेट गेलं की प्रत्येक कॉम्प्युटरवर तो शब्द टाइप होतो. साचे ओततो त्या प्लास्टरवाल्याकडे. भट्टीवालीकडे. मालकांकडेसुद्धा! चष्मा कपाळावर चढवून बसलेले मालक आणि बाजूला हा वाकून – बोळकी तीन तीन तीन. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धाकटी, डॉक्टर आणि भट्टीवाली. तिघांनाच माहीत. धाकटी लॅबमध्ये येत नाही. डॉक्टर कुणाशी बोलत नाहीत.

राहिलं कोण?

११ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर हसले नाही. मालक म्हणाले, "ताई, बरं नाही का? दात दुखतोय?" मेणवाला मान खाली घालून मेण कोरत होता. खांदे हलत होते. हसत होता की कोरत होता, देव जाणे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज मी जे केलं ते मला स्वतःलाच आवडलेलं नाही. पण केलं.

जेवणाच्या सुट्टीत सगळे मागच्या खोलीत गेले. मी म्हटलं, हे एक काम उरकून येते. आणि दुसऱ्यांच्या खुर्च्यांत बसले. आमच्याकडे एकाही कॉम्प्युटरला स्वतःचा पासवर्ड नाही, चालू केला की उघडतो. उठताना कुणी बंदही करत नाही. सेटिंग, नेटवर्क, ओळखीची नेटवर्क, दाखवा. एकदा हात बसला की चहात साखर ढवळण्याइतकं सोपं.

प्लास्टरवाला आपला कॉम्प्युटर कधी घरी नेतो म्हणे. त्याच्या घरच्या नेटचा पासवर्ड – बायकोचं माहेरचं नाव. बरं. वरच्या मजल्यावरच्या वकिलाचं नेट पण त्याच्याकडे आहे! फुकट वापरतो. त्या वकिलाने कधी विश्वासाने दिलं असणार. मालकांच्या लॅपटॉपवर लॅबचं नाव एक दोन तीन, घरीही लॅबचं नाव एक दोन तीन, आणि मी पैज लावते की दाराच्या कॅमेऱ्याला, बँकेला आणि तिजोरीलाही तेच असणार. अरे, एवढी माणसांची तोंडं आपल्याकडे पडलेली आहेत – नाव, वय, कुणाला कुठला रोग – आणि सगळ्याला एकच किल्ली, तीही दारालाच अडकवलेली! हे कुणी वाईट माणसाने बघितलं म्हणजे?

म्हणजे मी सोडून.

शी. दुसऱ्याच्या तोंडातला घास बाहेर काढून बघितल्यासारखं वाटत होतं. पासवर्ड म्हणजे माणूस कुणी बघत नसताना पुटपुटतो तो शब्द. बायकोचं नाव, देवाचं नाव, शिवी. मी तो ऐकायला जायला नको होतं. पण थांबवेना.

शेवटी भट्टीवालीच्या टेबलाशी गेले. तिच्या खुर्चीवर तिचं स्वेटर होतं. यादीत मेणवाल्याचा फोन. दाबलं.

bolki333.

मग काय राहिलं?

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बोलले तिच्याशी. भट्टीच्या खोलीत, दार लावून. भट्टी चालू होती, दोघींना घाम फुटला होता, आणि मला तिचा घामाचा वास असह्य झाला – जिच्या डब्यातलं मी इतकी वर्षं खाल्लं तिचा.

म्हटलं, "तू माझ्या दातांचं कुणाला सांगितलंस?"

"मी? वेडी झालीस का!"

"मेणवाल्याच्या फोनचा पासवर्ड काय आहे?"

"मला काय माहीत?"

"तुझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे तो. बोळकी. आणि तीनदा तीन. तीन कशाचे ते आता मीच तुला सांगू?"

तिच्या तोंडाचा आ झाला. मग म्हणाली, "अगं, तो स्वतः येऊन टाकतो! मला ठिपके दिसतात, ठिपके! तुला दिसतात तसेच!"

"मग त्याला कुठून कळलं?"

"मला काय विचारतेस? त्याला विचार ना सरळ!"

विचार म्हणे! म्हणजे स्वतःच्या तोंडाने जाऊन सांगू, की बाबा रे, ही बोळकी मीच ना? आणि समजा त्याला फक्त संशय असला तर? मग मीच खात्री पटवून देणार. तिला हे कळत नाही असं नाही. तिला हेच हवंय!

म्हटलं, "आजपासून तुझा माझा संबंध संपला."

तिने चिमटा खाली ठेवला. "तू माझ्या कॉम्प्युटरमध्ये काय करत होतीस?" विचारलं. मी दार आपटून बाहेर आले. बाहेर सगळे बघत होते.

१४ फेब्रुवारी, शनिवार

धाकटीला सांगितलं. आधी फसकन हसली! मग माझा चेहरा बघून तिने हसू आवरलं.

"ताई, सॉरी गं. पण शब्द गोड आहे."

गोड! हिचे बत्तीसच्या बत्तीस जागच्या जागी आहेत, हिला गोड वाटणारच.

"पण खरंच तो तुलाच म्हणतोय कशावरून?"

"तीनदा तीन! आणि कुणाच्या तोंडात आहेत तीन?"

तिने स्वतःच्या पुढच्या दातांवरून जीभ फिरवली.

१५ फेब्रुवारी, रविवार

आरशासमोर दात काढून उभी राहिले. बराच वेळ. मग घालून. मग काढून. ओठ आत जातो, म्हातारी दिसते. थुंकी आवरत नाही.

त्याला हे डोळ्यांसमोर दिसत असेल. टाइप करताना.

१६ फेब्रुवारी, सोमवार

नवा राउटर आणि तरी दुपारी नेट गेलं. झालं. मेणवाला फोन घेऊन उठलाच. मी म्हटलं, "माझ्याकडे नको. माझं जुळतंच आपोआप." कॉम्प्युटर तो शब्द गिळून बसलाय ना, त्याला पुन्हा सांगावं लागत नाही.

तरी आला. खांद्याशी वाकला. मेणाचा आणि लवंगेच्या तेलाचा वास – मी तोंड फिरवलं. इकडेतिकडे बघितलं आणि आवाज बारीक करून म्हणाला,

"ताई, तुमच्याशी एक बोलायचं होतं. जरा खासगी आहे."

मी म्हटलं, "काय?"

"तोंडात घालायच्या एका वस्तूबद्दल. काढघालीची. इथे नको... मालकांना कळायला नको. पण तुमच्याशिवाय कुणाला सांगणार? तुम्हालाच समजेल ते."

आणि हसला! हसला म्हणजे ओशाळल्यासारखं तोंड करून, एका बाजूने. असं हसणारी माणसं मला चांगली ठाऊक आहेत. आधी गरीब गाईसारखं यायचं, मग हळूच दोरी आवळायची. आज खासगी बोलायचंय, उद्या माझं एवढं काम करून द्या, परवा मालकांना माझ्याबद्दल चांगलं सांगा. नाहीतर – मालकांना कळायला नको, नाही का ताई?

म्हटलं, "मला वेळ नाही."

"बरं. मग कधी? थोडी घाई आहे, ताई."

घाई आहे! निर्लज्ज! अंगावर पाल पडल्यासारखी मी खुर्ची मागे ढकलली. तो दचकून बाजूला झाला आणि आपल्या जागी जाऊन बसला. संध्याकाळपर्यंत मान वर केली नाही.

आता गप्प बसले तर संपलेच मी.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मालकांकडे गेले. सकाळीच, चहा यायच्या आत.

एकही शब्द खोटा बोलले नाही. हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.

म्हटलं, "एक धोका लक्षात आलाय, तुमच्या कानावर घालते." त्यांचाच लॅपटॉप घेतला, सेटिंग उघडलं, लॅबच्या नेटचा पासवर्ड ठिपक्यांतून बाहेर काढून दाखवला. मालकांचा चेहरा प्लास्टरसारखा झाला. "म्हणजे कुणीही...?" म्हटलं, "जो खुर्चीत बसेल तो. आणि हा पासवर्ड तुम्ही अजून कुठे कुठे घातलाय ते तुमचं तुम्ही बघा." त्यांनी पटकन लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मग समजलं, पैज मी जिंकले असते.

मग मुद्द्यावर आले. म्हटलं, "हे एक वेळ ठीक. पण नेट गेलं की पेशंटचे स्कॅन एका खासगी फोनवरून जातात. त्या फोनचा पासवर्ड आपल्या सगळ्या कॉम्प्युटरमध्ये पडून आहे. प्लास्टरवाला कॉम्प्युटर घरीही नेतो. उद्या एखाद्या पेशंटचं तोंड गावभर झालं तर?"

मोठ्या हॉस्पिटलचं काम गेल्याच महिन्यात मिळालंय. त्यांनी मालकांकडून सही घेतली आहे, की पेशंटची माहिती लॅबच्या बाहेरच्या कुठल्याही फोनवरून जाणार नाही. हे मला ठाऊक होतं. म्हणूनच तर बोलले.

"कुणाचा फोन?" मालकांनी विचारलं. त्यांनाही माहीत होतं, त्यांच्याही कॉम्प्युटरवर हाच माणूस टकटक करून गेलाय! पण आपल्याला माहीत नव्हतं असं दाखवायची सोय म्हणून विचारलं. मी नाव सांगितलं.

"पासवर्ड काय आहे त्याचा?"

म्हटलं, "तो महत्त्वाचा नाही. बदलता येतो. माणसाची सवय बदलत नाही."

वाक्य छान झालं. मालकांनी मान डोलावली.

१८ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी मालकांनी मेणवाल्याला आत बोलावलं. दार काचेचं आहे, आवाज येत नाही, हातवारे दिसतात. मालकांचे हात भराभर हलत होते. त्याचे नव्हते.

बाहेर आला. ॲप्रन काढला, घडी घातली, खुर्चीच्या पाठीवर ठेवली. सगळे आपापल्या टेबलात डोकं घालून बसले. प्लास्टरवाला तर जमिनीत गेला होता – आता कॉम्प्युटर घरी कसा न्यायचा ही चिंता!

मग माझ्या टेबलापाशी थांबला. "ताई, नेट गेलं की सगळ्यांचं काम अडतं म्हणून देत होतो. मला वाटलं चांगलंच करतोय."

आवाज अगदी साधा. राग असता तर बरं झालं असतं.

मी पडद्यावरचं कुणाचं तरी तोंड फिरवत राहिले. वर, खाली, उलटं. मनात म्हटलं, आता बोल ना खासगीत काय बोलायचं होतं ते! आता सांग सगळ्यांना!

नाही सांगितलं. हत्यारंही न घेता गेला. त्याच्या टेबलावर अर्धा कोरलेला मेणाचा सुळा तसाच उभा आहे.

सुटले.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

मालकांनी सगळ्यांना गोळा करून जाहीर केलं – आजपासून नेटचं आणि पासवर्डचं सगळं ताई बघणार, ताईंना त्यातलं कळतं. प्रत्येक कॉम्प्युटरला वेगळा पासवर्ड, उठताना बंद करायचा, आपला पासवर्ड कुणाला सांगायचा नाही, कुणी मागितला तरी नाही, मालकांनासुद्धा नाही. पाहुण्यांना वेगळं नेट. घरचं आणि लॅबचं एक नको. मी भाषण ठोकलं. छान बोलले. स्वतःचाच आवाज ऐकून मधेच कसंतरी झालं, तोंडात शिळं पाणी असल्यासारखं. पण बोलले.

"नाव नको, वाढदिवस नको," मी म्हटलं. "जे शब्द आपल्या मनात आधीच बसलेले असतात तेच माणूस पासवर्डला घालतो, आणि तिथेच फसतो."

भट्टीवाली मागे उभी होती. हात वर करून म्हणाली, "आणि जे दुसऱ्याचे बघतात त्यांचं काय करायचं, ताई?"

मला ताई म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिच्या तोंडी ते शिवीसारखं लागलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मेणाचं काम तुंबलंय. मालक स्वतः कोरायला बसले, अंगठा भाजून घेतला.

मला वाटलं होतं आता हसता येईल. एक गिऱ्हाईक डॉक्टर आले होते, मालकांनी बोलावलं – ताई, जरा हसा. हसले. गालांत काहीतरी ताठ झाल्यासारखं वाटलं. डॉक्टर अगदी जवळ येऊन माझ्या ओठांकडे बघत होते, त्यांच्या तोंडाला वास येत होता. ढकलून द्यावंसं वाटलं.

किळस कशाची येते ते आता नीट सांगता येत नाही. माणसांचीच येते. सगळी ओली असतात.

२१ फेब्रुवारी, शनिवार

धाकटी म्हणाली, "आता तरी शांत झालीस ना?"

म्हटलं, "हो."

"मग जेवत का नाहीस?"

दात लागतात म्हणून सांगितलं. खोटंच.

२३ फेब्रुवारी, सोमवार

त्याचा फोन आता लॅबमध्ये नाही, पण नाव सगळ्या कॉम्प्युटरमध्ये आहे. मीच पुसत फिरले. ‘दाखवा’च्या शेजारीच आणखी एक बटण असतं – ‘विसरा’. ते दाबायचं. नाव निघून जातं, शब्दही जातो. प्लास्टरवाल्याकडे दाबलं. मालकांकडे दाबलं. माझ्याकडे दाबलं.

भट्टीवाली टेबल सोडून उठेना. म्हणाली, "माझं मी करते."

"येतं तुला?"

"सेटिंग, नेटवर्क, ओळखीची नेटवर्क. कळतं मला. लक्षात राहिलंय."

माझ्यासमोर आधी ‘दाखवा’ दाबलं. पडद्याकडे बघत राहिली. तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणून बघितलं, पुन्हा एकदा म्हणून बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या. मला म्हणाली, "हे इंग्रजीत आहे."

म्हटलं, "मग? पासवर्ड इंग्रजी अक्षरांतच असतात."

"हो," म्हणाली. "तेच म्हणतेय." आणि ‘विसरा’ दाबलं.

काय म्हणायचं होतं तिला? सरळ बोलायचं सोडून कोडी घालते.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

काही नाही. एक ब्रिज, दोन कॅप.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी मेणवाल्याची बायको आली होती, त्याची हत्यारं न्यायला. "ते येत नाहीत म्हणाले. म्हटलं, मी जाते." कडेवर मुलगी. चार-एक वर्षांची. मला मुलगी आहे हेच माहीत नव्हतं.

मी काहीतरी बोलायचं म्हणून मुलीला विचारलं, नाव काय गं तुझं? ती नाकातून, हवा निसटल्यासारखी, काहीतरी म्हणाली.

मी म्हटलं, "बोळकी?"

"बोळकी नाही हो," तिची आई हसली. "बोलकी! लाडाचं नाव आहे. हिच्या टाळूला भोक होतं ना, शब्दच फुटत नव्हता. यांनी स्वतः टाळूची पट्टी करून घातली तेव्हा बोलली, तीन मार्चला, तीन वर्षांची झाली त्याच दिवशी. लोक नावं ठेवतात म्हणून कुणाला सांगितलं नाही आम्ही. आता ती पट्टी लहान होत चाललीय, नवीन लागेल. ती कॉम्प्युटरवर फार नीट होते म्हणे. तुम्हीच त्या ताई ना? तुमच्याशी बोलणार होते हे."

मुलगी बोलतच होती. अर्धं कळत नव्हतं, पण थांबत नव्हती. मी तिच्या बापाचा हत्यारांचा डबा शोधत राहिले. टेबलावर, खाली, कपाटात. तो माझ्या हातातच होता.